रूपांतर अचूक, सरासरी चुकीची: इंधनाची एकके बदलणाऱ्या एका ॲपचे परीक्षण

वाहनांची माहितीपत्रके आणि चाचणी-अहवाल मराठीत आणण्याचे काम मी करते. या कामात एक आकडा जवळजवळ प्रत्येक पानावर भेटतो: गाडी किती इंधनात किती अंतर कापते. मूळ मजकूर कुठल्या देशातला आहे त्याप्रमाणे हा आकडा रूप बदलतो. ब्रिटिश नियतकालिकात गॅलनला मैल असतात. अमेरिकी अहवालात शब्द तेच असतात, पण गॅलन निराळा असतो. जर्मन आणि फ्रेंच पत्रकांत शंभर किलोमीटरला लिटर, जपानी पत्रकांत लिटरला किलोमीटर, स्वीडिश बोलण्यात दहा किलोमीटरच्या 'मील'ला लिटर, आणि डच बोलण्यात 'एकास पंधरा', म्हणजे एका लिटरला पंधरा किलोमीटर. ही सगळी रूपे एकमेकांत बदलून देणारे एक मोबाइल ॲप मी गेले काही महिने रोज वापरते आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्यात मला जे दोष आढळले ते या प्रकारच्या इतरही साधनांत आढळू शकतात, आणि कोणत्या कसोट्यांनी ते तपासावेत हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

हे ॲप घेण्याचे कारण माझीच एक चूक होती. एका ब्रिटिश परीक्षणात गाडी गॅलनला ४७ मैल जाते असे लिहिले होते, आणि मी सवयीने अमेरिकी गॅलनचा गुणक लावून लिटरला जवळपास २० किलोमीटर असे छापून मोकळी झाले. खरे उत्तर १६.६ होते. एका वाचकाने पत्र पाठवून विचारले की हीच गाडी त्याच्याकडे कितीही जपून चालवली तरी १७च्या वर जात नाही, मग आपली गाडी बिघडली आहे काय? त्या पत्राने मला फार लाजल्यासारखे झाले. एका माणसाने माझ्या गुणाकारावर विश्वास ठेवून स्वतःच्या चांगल्या गाडीवर संशय घेतला होता.

म्हणून ॲपमध्ये पहिली गोष्ट मी गॅलनचीच पाहिली, आणि तेथे ते पूर्ण गुणांनी उतरले. नुसता 'गॅलन' असा पर्याय त्यात नाहीच. 'अमेरिकी गॅलन' किंवा 'ब्रिटिश गॅलन' यांपैकी एक निवडल्याशिवाय आकडा टंकताच येत नाही. ही सक्ती पहिल्या दिवशी जाचक वाटते, परंतु ती हवीच. अमेरिकेने १७०७ साली ठरलेला जुना मद्याचा गॅलन तसाच ठेवला, जो २३१ घन इंचांचा, म्हणजे सुमारे ३.७८५ लिटरचा आहे. ब्रिटनने १८२४ साली जुने सारे गॅलन मोडीत काढून दहा पौंड पाण्याच्या आकारमानावर नवा गॅलन बसवला, जो आज ४.५४६०९ लिटर असा निश्चित केलेला आहे. दोहोंत वीस टक्क्यांचे अंतर आहे, आणि वीस टक्क्यांची चूक ही अशी चूक आहे की ती डोळ्याला खटकत नाही. दुप्पट-तिप्पट आकडा आला असता तर मी तेव्हाच थांबले असते. मैलाच्या बाबतीत असा घोळ नाही, कारण १९५९च्या करारापासून आंतरराष्ट्रीय मैल नेमका १.६०९३४४ किलोमीटर आहे, आणि ॲपही तोच धरते.

या गुणकांचा ताळा मी हाताने केला. गॅलन अमेरिकी असेल तर गॅलनला ३० मैल म्हणजे लिटरला १२.७५ किलोमीटर आणि शंभर किलोमीटरला ७.८४ लिटर, ब्रिटिश असेल तर लिटरला १०.६२ किलोमीटर आणि शंभर किलोमीटरला ९.४२ लिटर. ॲपची चारही उत्तरे जुळली. ज्यांना आपल्या हाताशी असलेले साधन झटपट तपासायचे आहे त्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा, तो म्हणजे दहा. लिटरला १० किलोमीटर आणि शंभर किलोमीटरला १० लिटर ही एकच गोष्ट आहे. दोन्ही मापे नेमकी तेथेच भेटतात. दहाच्या एका बाजूला गेल्यावर दुसरे माप उलट्या बाजूला सरकले पाहिजे. ज्या साधनात २० टाकल्यावर ५ येत नाहीत, ते तत्काळ काढून टाकावे.

या उलट्या सरकण्यातच साऱ्या विषयाचे मर्म आहे, आणि ॲपचे बहुतेक दोषही येथूनच निघतात. किलोमीटरचे मैल करताना आपण एका ठरावीक संख्येने गुणतो वा भागतो. लिटरला किलोमीटर यावरून गॅलनला मैल काढणे हेही तसलेच काम आहे. परंतु लिटरला किलोमीटर यावरून शंभर किलोमीटरला लिटर काढताना आपल्याला आकडाच उलटा करावा लागतो, म्हणजे १०० ला त्या आकड्याने भागावे लागते. गॅलनच्या मैलांवरून तेथे जायचे तर अमेरिकी गॅलनसाठी २३५.२१५ ला आणि ब्रिटिश गॅलनसाठी २८२.४८१ ला त्या आकड्याने भागायचे. एका बाजूचे माप इंधन ठरवून अंतर विचारते, दुसऱ्या बाजूचे अंतर ठरवून इंधन विचारते. एकटा आकडा उलटा करणे सोपे आहे. दोन आकड्यांतला फरक, अनेक आकड्यांची सरासरी, किंवा आकड्यामागची अनिश्चितता मात्र अशी उलटी करता येत नाही, आणि ॲप नेमके तेच करू पाहते.

त्याकडे वळण्यापूर्वी ॲपच्या मराठी रूपाविषयी दोन शब्द. मराठी भाषा निवडण्याची सोय दिली आहे, देवनागरी अंक टंकता येतात आणि उत्तरही देवनागरी अंकांत मिळते, याबद्दल निर्मात्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत. पण या विभागाचे शीर्षक त्यांनी 'इंधन अर्थव्यवस्था' असे ठेवले आहे. अर्थव्यवस्था देशाची असते, गाडीची नसते. गाडीची असते ती काटकसर. साध्या बोलण्यात आपण 'गाडी ॲव्हरेज किती देते' असे विचारतो, आणि तो शब्द ठेवला असता तरी एकूण एक वाचकाला कळला असता. याहून गंभीर गोष्ट अशी की या एकाच शीर्षकाखाली दोन्ही प्रकारची मापे एकत्र मांडली आहेत, आणि कोणत्या मापात मोठा आकडा चांगला व कोणत्यात लहान, याची कसलीही खूण नाही. 'इंधनाची काटकसर' आणि 'इंधनाचा खप' अशी दोन उपशीर्षके केली तर हा गोंधळ कायमचा मिटेल, आणि या दोन मराठी शब्दांतच मोठा-लहान कोणता चांगला हेही आपोआप सांगितले जाईल.

दुसरा दोष युरोपीय मजकूर वापरणाऱ्यांना भोवणारा आहे. जर्मन, फ्रेंच किंवा स्वीडिश पत्रकात दशांशासाठी टिंब नसते, स्वल्पविराम असतो. तेथे शंभर किलोमीटरला '५,८' लिटर म्हणजे पाच पूर्णांक आठ दशांश. तो आकडा उचलून ॲपमध्ये चिकटवला की ॲप स्वल्पविराम गाळून त्याला ५८ समजत असे आणि गाडी लिटरला १.७२ किलोमीटर जाते असे उत्तर देई. प्रवासी गाडीच्या बाबतीत हे उत्तर इतके अशक्य आहे की चूक लगेच पकडली जाते, परंतु मोठ्या मालवाहू वाहनांच्या तक्त्यात अशी उत्तरे सहज खपून जातील.

आता दशांश स्थळांविषयी. ॲप प्रत्येक उत्तर सहा दशांश स्थळांपर्यंत देते, आणि सेटिंगमध्ये जाऊन ती कमी करावी लागतात. माहितीपत्रकात खप नेहमी एका दशांश स्थळापर्यंत दिलेला असतो. शंभर किलोमीटरला ४.० लिटर असे छापलेले असेल तर खरा आकडा ३.९५ ते ४.०५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि उलटा केल्यावर तो लिटरला २५.३ ते २४.७ किलोमीटर इतका पसरतो. अशा वेळी '२५.००००००' असे लिहिणे म्हणजे जी माहिती मुळात नव्हती ती आपल्या पदरची घालणे होय. गंमत अशी की खादाड गाडीच्या बाबतीत हाच पसारा आक्रसतो: शंभर किलोमीटरला १२.० लिटर म्हणजे लिटरला ८.३० ते ८.३७ किलोमीटर, तेथे दुसरे दशांश स्थळ काही अंशी तरी शोभते. म्हणजे किती स्थळे ठेवावीत याचे एकच ठरावीक उत्तर नाही, ते मूळ आकड्यावर अवलंबून आहे. मी काटकसरी गाड्यांसाठी उत्तर पूर्णांकात किंवा अर्ध्यापर्यंत देते आणि त्याबद्दल संपादकांशी वाद घालायलाही तयार असते.

ॲपचा सर्वांत मोठा दोष त्याच्या 'नोंदवही' या विभागात आहे, आणि याच विभागासाठी बरेच लोक ते ॲप घेत असावेत. येथे प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर निघालेला आकडा लिहून ठेवायचा आणि ॲपने त्यांची सरासरी सांगायची. मी मुद्दाम दोनच नोंदी केल्या: एका प्रवासात १०० किलोमीटर अंतर लिटरला २० या हिशेबाने, दुसऱ्यात तेवढेच अंतर लिटरला १० या हिशेबाने. ॲपने सरासरी १५ सांगितली. मग मी मापाची निवड बदलून शंभर किलोमीटरला लिटर अशी केली. नोंदी ५ आणि १० अशा दिसू लागल्या, आणि सरासरी आली ७.५. हे ७.५ पुन्हा उलटे केले तर लिटरला १३.३३ किलोमीटर होतात. गाडी तीच, प्रवास तेच, पेट्रोल तेवढेच, आणि बटण दाबल्यावर सरासरी १५ची १३.३३ झाली.

खरे उत्तर कोणते, ते टाकीच सांगते. पहिल्या प्रवासात ५ लिटर गेले, दुसऱ्यात १०. एकूण २०० किलोमीटरला १५ लिटर, म्हणजे लिटरला १३.३३. अंतरे सारखी असतील तर सरासरी खपाच्या मापात काढावी लागते. उलट दोन्ही वेळी इंधन सारखे, समजा दहा-दहा लिटर, भरले असते तर गाडी पहिल्यांदा २०० आणि दुसऱ्यांदा १०० किलोमीटर गेली असती, एकूण ३०० किलोमीटरला २० लिटर झाले असते, आणि मग १५ हे उत्तर बरोबर ठरले असते. म्हणजे दोन्ही सरासऱ्या आपापल्या जागी खऱ्या आहेत. कोणती लागू पडते हे ठरवायला अंतर आणि इंधन दोन्ही माहीत असावे लागतात, आणि ॲप ते विचारतच नाही. अंतरेही सारखी नाहीत आणि इंधनही सारखे नाही, हीच रोजच्या वापरातली स्थिती असते, आणि तेव्हा तर दोहोंपैकी एकही सरासरी उपयोगाची नसते. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर हा एकच रस्ता उरतो. ज्या मापाला आपण बोलताना 'ॲव्हरेज' म्हणतो, त्याचीच सरासरी ॲपला काढता येऊ नये याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दुरुस्ती अगदी लहान आहे: नोंदीत एका रकान्याऐवजी दोन रकाने ठेवायचे, अंतराचा आणि इंधनाचा.

'तुलना' हा विभाग याच चुकीची दुसरी बाजू आहे. तेथे दोन गाड्यांचे आकडे टाकले की ॲप फरक दाखवते. मी २० आणि २५ टाकले. फरक 'लिटरला ५ किलोमीटर' असा आला, तो ठीक. माप बदलल्यावर ॲपने त्या ५ लाच उलटे केले आणि 'शंभर किलोमीटरला २० लिटर' असा फरक दाखवला. प्रत्यक्षात पहिली गाडी शंभर किलोमीटरला ५ लिटर पिते आणि दुसरी ४, म्हणजे फरक एका लिटरचा आहे. टक्केवारीही अशीच फसवते: दुसरी गाडी तेवढ्याच इंधनात २५ टक्के जास्त अंतर जाते, पण तेवढ्याच अंतराला तिला २० टक्के कमी इंधन लागते, आणि जाहिरातीत यांपैकी मोठा आकडा निवडला जाण्याचा धोका असतो.

हा विषय केवळ गणिताचा नाही, म्हणून मी त्यावर थोडी रेंगाळते. लिटरला १० किलोमीटर जाणारी गाडी देऊन १२ जाणारी घेतली, तर दर हजार किलोमीटरला इंधन १०० लिटरवरून ८३.३ लिटरवर येते, सुमारे १६.७ लिटर वाचतात. २० जाणारी देऊन २५ जाणारी घेतली, तर ५० चे ४० लिटर होतात, १० वाचतात. दोन किलोमीटरची वाढ पाच किलोमीटरच्या वाढीला मागे टाकते, आणि तरीही आकडे पाहून आपले मन दुसऱ्या बदलालाच मोठे मानते. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल या ड्यूक विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला होता: गॅलनला मैल या मापामुळे लोक बचतीचा अंदाज चुकवतात, आणि खपाचे माप दिले तर तो सुधारतो. अमेरिकेत २०१३च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांवरच्या अधिकृत लेबलवर गॅलनला मैल यांच्या जोडीला शंभर मैलांना गॅलन हा आकडाही छापला जातो. परिवर्तक ॲपला हे काम त्याहून सहज करता आले असते. एका आकड्यासोबत त्याचे उलटे रूप नेहमी शेजारी दाखवले, तर वापरणाऱ्याचा अंदाज आपोआप सुधारेल.

विजेवरच्या गाड्यांचा विभाग मात्र काळजीने केलेला आहे. शंभर किलोमीटरला किलोवॅट-तास, किलोमीटरला वॅट-तास, किलोवॅट-तासाला मैल, ही तिन्ही मापे त्यात आहेत, आणि अमेरिकेत वापरले जाणारे गॅलन-तुल्य मापही आहे. हे शेवटचे माप एक अमेरिकी गॅलन पेट्रोल म्हणजे ३३.७ किलोवॅट-तास या समीकरणावर उभे आहे. लिटरला ते सुमारे ८.९ किलोवॅट-तास पडतात. शंभर किलोमीटरला १५ किलोवॅट-तास घेणारी गाडी या हिशेबाने शंभर किलोमीटरला सुमारे १.६८ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा घेते, आणि गॅलन-तुल्य आकडा १४० मैलांच्या आसपास जातो. ॲप येथे एक टीप देते की हे केवळ ऊर्जेचे रूपांतर आहे, खर्चाचे किंवा धुराचे नाही. ती टीप उत्तराच्या अगदी खाली, वाचावीच लागेल अशी ठेवली आहे, हे मला फार आवडले. वीज तयार होताना किती ऊर्जा वाया गेली हे या आकड्यात येत नाही. अमेरिकी अधिकृत आकडे चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतल्या सॉकेटपासून मोजलेले असतात, तर गाडीच्या पडद्यावरचा आकडा सामान्यतः बॅटरीतून निघालेल्या विजेचा असतो. त्या दोहोंतला फरक कोणताही गुणक भरून काढू शकत नाही, आणि तेवढे एक वाक्य टिपेत वाढवायला हवे.

वायूवर चालणाऱ्या गाड्यांचे आकडे किलोला किलोमीटर असे येतात, आणि वजनावरून थेट लिटरवर उडी मारता येत नाही. ॲप ती उडी मारू देत नाही. आधी इंधनाचे नाव विचारते आणि मग ऊर्जेच्या मार्गाने जाते. हायड्रोजनचा एक किलो सुमारे ३३.३ किलोवॅट-तासांचा असल्यामुळे तो योगायोगाने एका अमेरिकी गॅलन पेट्रोलच्या अगदी जवळ येतो, तेवढा ताळा मी करून पाहिला आणि तो जुळला.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेबही इंधनाप्रमाणे वेगळा ठेवला आहे. शंभर किलोमीटरला ५ लिटर हा खप पेट्रोलचा असेल तर किलोमीटरला सुमारे ११७ ग्रॅम आणि डिझेलचा असेल तर सुमारे १३४ ग्रॅम, असे ॲप सांगते, आणि ते योग्यच आहे, कारण एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा अधिक कार्बन असतो. दोन इंधनांच्या गाड्यांची तुलना नुसत्या लिटरवर करणाऱ्यांनी हा विभाग अवश्य उघडावा.

एक अपेक्षा मात्र कोणत्याही परिवर्तकाकडून ठेवू नये. युरोपात २०१७ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना नवी, अधिक कडक चाचणी लागू झाली. त्यापूर्वीच्या चाचणीचे आकडे प्रत्यक्षापेक्षा बरेच आशावादी असत. अमेरिकेची पद्धत निराळी, जपानची निराळी. युरोपीय पत्रकातले शंभर किलोमीटरला ५ लिटर आणि अमेरिकी लेबलवरचे गॅलनला ४७ मैल हे रूपांतराने सारखे येतात, पण दोन्ही गाड्या वेगवेगळ्या वेगाने, वेगवेगळ्या थांब्यांनी चालवून ते आकडे काढलेले असतात. अनुवाद करताना मी आता रूपांतरित आकड्याशेजारी चाचणीचे नाव आणि मूळ आकडा दोन्ही ठेवते. ॲपमध्ये उत्तराला अशी टीप जोडण्याची सोय आहे, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटत असेल. उत्तरावर बोट दाबून धरले की ती दिसते.

जाहिराती थोड्या आहेत, इंटरनेट नसताना ॲप चालते, आणि उत्तर एका स्पर्शात उचलून दुसरीकडे चिकटवता येते. एकेका आकड्याच्या रूपांतरासाठी मी ते निःशंकपणे सुचवते. स्वल्पविराम, सरासरी आणि फरक या तिन्हींविषयी मी निर्मात्यांना उदाहरणांसह लिहिले होते. उत्तर सौजन्यपूर्ण आले, आणि पुढच्याच आवृत्तीत '५,८' हे ५.८ म्हणून वाचले जाऊ लागले. नोंदवही आणि तुलना हे विभाग मात्र हे लिहीपर्यंत जसेच्या तसे आहेत. तोवर नोंदवही वापरणाऱ्यांनी लिटर आणि किलोमीटर यांच्या बेरजा स्वतंत्र ठेवाव्यात, महिन्याच्या शेवटी एक भागाकार करावा, आणि माप बदलायचे असेल तर ॲपमध्ये तो एकच अंतिम आकडा टाकावा.